गल्ल्याची कोतवाली

व्यापाऱ्याने नफा पाहावा, यात कोणास वावगे वाटण्याचे कारण नाही. दुकान मांडून बसलेल्या माणसाने गिऱ्हाइकाशी गोड बोलावे, हाही त्याचा धर्मच होय. परंतु तोच दुकानदार जेव्हा एका बड्या गिऱ्हाइकाच्या मर्जीसाठी दुसऱ्याच्या तोंडावर हात ठेवतो आणि हे सारे शिस्तीसाठी चालले आहे असे वर सांगतो, तेव्हा तो दुकानदार राहत नाही, कोतवाल होतो. संगणकावरील खेळ विकणाऱ्या बड्या कंपन्यांनी ही कोतवाली पत्करल्याचे दिसून आले आहे. आणि घरोघरची मुले या खेळांत तासन् तास रमत असल्यामुळे सुजाण आईबापांनी तिचा विचार करावा, हे उचित होय.

उदाहरण २०१९ सालचे घेऊ. त्या वर्षी जूनपासून हाँगकाँगचे नागरिक लाखांच्या संख्येने रस्त्यावर उतरले होते. आरोपींस चीनच्या स्वाधीन करण्याची वाट मोकळी करणारे विधेयक हे त्याचे निमित्त. ५ ऑक्टोबर रोजी तेथील सरकारने निदर्शनांत मुखवटा घालण्यास बंदी केली. आणि त्यासाठी जो कायदा उपसून काढला, तो इंग्रजी अमदानीतला, १९२२ सालचा! दुसऱ्याच दिवशी 'हार्थस्टोन' नावाच्या, पडद्यावर पत्त्यांनी खेळावयाच्या खेळाचा एक सामना हाँगकाँगच्या एका तरुणाने जिंकला. 'ब्लिट्झचुंग' हे त्याचे खेळातले नाव. सामन्यानंतरच्या मुलाखतीस तो वायुरोधक मुखवटा चढवून आला आणि 'हाँगकाँग मुक्त करा, ही आमच्या काळाची क्रांती आहे' अशा अर्थाची घोषणा त्याने दिली. दोन दिवसांत कॅलिफोर्नियातील ब्लिझर्ड कंपनीने निकाल लावला: खेळाडूस वर्षभर बंदी, बक्षिसाची रक्कम शून्य, आणि मुलाखत घेणाऱ्या दोघा तैवानी निवेदकांशी संबंध बंद. घोषणा त्या दोघांनी दिली नव्हती. परंतु कोतवालास एवढा विवेक करण्यास सवड कोठून असणार?

कंपनीचा पहिला बचाव असा की, नियम खेळाडूने आधी मान्य केला होता. तो नियम तरी काय होता? ज्या कृत्याने खेळाडूची अपकीर्ती होईल, जनतेच्या एखाद्या भागाचे किंवा गटाचे मन दुखावेल, अथवा कंपनीच्या प्रतिमेस बाध येईल, असे कृत्य करणारा शिक्षेस पात्र. आणि ते कृत्य तसे आहे की नाही, हे ठरविणार एकटी कंपनी! महाराष्ट्रातील वाचकास ही भाषा नवी वाटू नये. १८९७ साली लोकमान्यांवरील खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी सरकारविषयीची 'अप्रीती' म्हणजे प्रीतीचा अभाव, असा अर्थ लावला होता. कायद्याचे शब्द असे रबरासारखे असले म्हणजे ते ताणणाऱ्याच्या हातात सारे बळ जाते. फरक एवढाच की तेथे निदान न्यायासन होते, वकील होते, पंच होते. येथे फिर्यादी, न्यायाधीश आणि दंड वसूल करणारा, तिघेही एकच.

दुसरा बचाव अधिक विचारार्ह आहे, आणि त्यास बगल देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. क्रीडांगण हे खेळासाठी आहे. आज एकाने एक घोषणा दिली, उद्या दुसरा उलट घोषणा देईल, आणि खेळ बाजूस राहून आखाडा मात्र माजेल, असे कोणी म्हणाल्यास त्यात तथ्य नाही असे नाही. मग तसा नियम स्पष्ट शब्दांत लिहावा, त्याच्या भंगास बेताची शिक्षा ठेवावी, आणि ती सर्वांस सारखी लावावी. येथे काय झाले? त्याच आठवड्यात वॉशिंग्टनच्या अमेरिकन युनिव्हर्सिटीच्या तिघा विद्यार्थ्यांनी याच खेळाच्या सामन्यात हाँगकाँगच्या मुक्ततेचा आणि ब्लिझर्डवरील बहिष्काराचा फलक धरला. त्यांस शिक्षा तत्काळ झाली नाही. हा पक्षपात आहे असे म्हणून ते विद्यार्थी आपण होऊन स्पर्धेतून बाजूस झाले. त्यानंतर त्यांस सहा महिन्यांची बंदी सांगण्यात आली. समता आली खरी, पण ती आरोपीने मागून घेतल्यावर!

तिसरा बचाव कंपनीचे अध्यक्ष जे. ॲलन ब्रॅक यांनी केला. चीनमधील आमच्या संबंधांचा या निर्णयावर काहीही प्रभाव नाही, असे त्यांनी जाहीर केले. कोणाच्या मनात शिरून पाहण्याची विद्या आम्हांस अवगत नाही. परंतु बाहेर जे दिसते ते असे. चीनमध्ये ब्लिझर्डचे खेळ चालविण्याचा मक्ता नेटईझ या चिनी कंपनीकडे होता. मूळ कंपनीचे सुमारे पाच टक्के भाग टेन्सेंट या दुसऱ्या चिनी कंपनीच्या हाती होते. चीनसह आशिया-प्रशांत विभागाचे उत्पन्न एकूण उत्पन्नाच्या सुमारे आठव्या हिश्श्याइतके होते. आणि इंग्रजीत केवळ नियमभंगाची गोष्ट बोलली जात असता, खेळाच्या अधिकृत चिनी खात्यावर मात्र राष्ट्राच्या प्रतिष्ठेचे रक्षण करण्याची ग्वाही देण्यात आली. एकाच शिक्षेची दोन भाषांत दोन कारणे दिली जातात, तेव्हा त्यांतले खरे कोणते, हे वाचकांनीच ठरवावे.

या प्रकरणात लाज राखली ती कंपनीच्या काही नोकरांनी. आयर्व्हाइन येथील कचेरीच्या आवारात 'प्रत्येक आवाज मोलाचा' अशा अर्थाचे ब्रीद कोरलेली पाटी आहे. ती झाकण्यात आली, आणि काहीजण छत्र्या उघडून काम सोडून बाहेर आले. छत्री हे २०१४ पासून हाँगकाँगच्या आंदोलनाचे चिन्ह झालेले आहे. ओरड वाढताच कंपनीने बक्षीस परत केले, बंदी सहा महिन्यांवर आणली व निवेदकांसही तेवढीच मुदत लावली. १ नोव्हेंबरला ब्रॅक यांनी व्यासपीठावरून दिलगिरी प्रदर्शित केली; शिक्षा मात्र तशीच राहिली. शब्दाने क्षमा आणि कृतीने दंड, असा हा व्यवहार!

आणि एवढे करून पदरात काय पडले? नेटईझशी असलेला करार जानेवारी २०२३ मध्ये संपला. नवा जमला नाही, आणि चीनमधील लक्षावधी खेळाडूंचे खेळ बंद पडले. ते २०२४ साली नव्या करारानंतर पुन्हा सुरू झाले. ज्यांच्या भावना जपल्याचा दावा होता, त्यांसही हिशेब न जुळताच वाऱ्यावर सोडण्यात आले. इकडे हाँगकाँगमध्ये २०२० साली राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला, आणि २०२१ मधील एका खटल्यात ती घोषणा फुटीरतेस चिथावणी देऊ शकते, असे न्यायालयाने ठरविले. जे रस्त्यावर बोलता येणार नव्हते, ते बोलण्याच्या ज्या थोड्या जागा जगात उरल्या होत्या, त्यांतली एक नफ्याच्या चिंतेने आधीच बंद केली होती.

'हे चीनचे आणि हाँगकाँगचे, आपणांस काय त्याचे?' असे म्हणून हात झटकू नयेत. 'जनतेच्या एखाद्या गटाचे मन दुखावेल' या शब्दांत कोणताही गट बसतो. परंतु दखल घेतली जाते ती ज्याची थैली मोठी त्याच्या दुखण्याची. आपला देशही आज खेळांची मोठी बाजारपेठ आहे. उद्या आपल्यातील एखाद्या गटाने डोळे वटारले आणि परदेशी कंपनीने दूरच्या एखाद्या तरुणाची जीभ आपल्या खुशीसाठी छाटली, तर आपण टाळ्या वाजविणार काय? वाजविल्या, तर ब्लिझर्डला दोष देण्याचा आपला अधिकार त्याच क्षणी संपला.