पेटीतली फीत आणि पाठाची किल्ली

२८ सप्टेंबर २०२१ रोजी लता मंगेशकरांना ब्याण्णव वर्षे पूर्ण झाली आणि त्याच दिवशी विशाल भारद्वाज यांनी 'ठीक नहीं लगता' हे गाणे लोकांपुढे ठेवले. शब्द गुलजारांचे, चाल भारद्वाजांची. नव्वदच्या दशकात एका चित्रपटासाठी ते ध्वनिमुद्रित झाले; चित्रपट बारगळला, फीत हरवली असे समजले गेले, आणि पुष्कळ वर्षांनी ती हाती लागली. चारच महिन्यांनी, ६ फेब्रुवारी २०२२ रोजी, गायिका गेली. गाणे वेळेत बाहेर आले याचा आनंद आम्हालाही झाला. पण त्या आनंदाच्या भरात एक प्रश्न कोणी विचारला नाही, तो आम्ही येथे विचारत आहोत. आपण ऐकले ते नेमके काय? स्वर जुना होता, वाद्यमेळ मात्र नव्याने बांधलेला होता. मग मूळ फितीवर जे होते ते कोठे आहे?

प्रश्न कुरकुरीचा वाटेल. पण नागपुरात बसून मराठी शिकवणाऱ्यांना तो टाळता येत नाही. येथल्याच विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषवलेल्या वि. भि. कोलते यांनी संपादिलेले 'लीळाचरित्र' १९७८ साली प्रसिद्ध झाले. महानुभाव परंपरा असे सांगते की म्हाइंभटांची मूळ पोथी खालशाच्या धाडीत नाहीशी झाली आणि शिष्यांनी ज्याच्या त्याच्या स्मरणातून ती पुन्हा उभी केली. म्हणूनच निरनिराळे पाठ निर्माण झाले. पाठभेद म्हणजे ग्रंथाचा दोष नव्हे, ग्रंथाचा इतिहास आहे, हे आम्ही विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे सांगत आलो. संपादकाने स्वतःच्या पदरचा शब्द पाठात घातला आणि तसे सांगितले नाही, तर त्या संपादनाला आम्ही उभे करणार नाही. मग गाण्याच्या बाबतीत तेच घडले की आम्ही टाळ्या का वाजवतो?

चित्रपटगीत हाही एक पाठ आहे. सुरेश भट आमच्या नागपूरचे. त्यांची रचना 'सिंहासन' (१९७९) आणि 'उंबरठा' (१९८२) या चित्रपटांतून हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींवर घरोघरी पोचली. गझल संग्रहात छापली जाते तेव्हा एक रूप असते, गायली जाते तेव्हा दुसरे. कोणता शेर घेतला, कोठे थांबले, कोणता शब्द दुसऱ्यांदा आळवला, ही सारी वाचनेच आहेत. ध्वनिमुद्रणाच्या वेळी एकच गाणे अनेकदा गायले जाते, त्यातले एक ठरते आणि बाकीची वाचने पेटीत जातात. त्या पेटीतल्या फिती मोकळ्या करणारा संगीतकार आमच्या लेखी हस्तलिखिते खुली करणाऱ्या मठाधिपतीइतकाच उपकारकर्ता आहे.

याविरुद्ध एक आक्षेप नेहमी येतो: कलावंताने जे बाहेर काढले नाही ते इतरांनी काढू नये. ऐकायला हे मोठे सुसंस्कृत वाटते. परंतु चित्रपटात गाणे गळते ते बहुधा कलावंताच्या विवेकामुळे नव्हे. लांबी वाढली, पैसा संपला, निर्माता बदलला, चित्रपट डब्यात गेला, म्हणून ते गळते. त्या व्यवहाराला कलावंताची इच्छा म्हणून मखरात बसवणे हा ढोंगीपणा आहे. कलावंत हयात असेल आणि 'हे गायन माझे म्हणून ऐकवू नका' असे म्हणत असेल, तर त्याचा शब्द मोडू नये, हे आम्हाला मान्य आहे. मौन मात्र नकार नव्हे.

दुसरी वृत्ती अधिक धोक्याची, कारण ती प्रेमाचे रूप घेऊन येते. ती म्हणते, जुने आहे, तेव्हा सजवून द्या. १९७५ साली निवर्तलेल्या मदनमोहनांच्या न वापरलेल्या चाली त्यांचे चिरंजीव संजीव कोहली यांनी जपल्या आणि 'वीर-झारा'साठी (२००४) नव्याने बांधल्या. ते नवे काम आहे असे सर्वांना ठाऊक होते. त्यात फसवणूक नव्हती. पण नव्याने बांधलेले समोर आले की जुने ऐकायचे कुतूहल शमते आणि पेटी पुन्हा बंद होते. 'लेट इट बी'चे उदाहरण पाहावे. १९७० ची तबकडी फिल स्पेक्टरच्या वाद्यवृंदासह निघाली. २००३ मध्ये तो साज उतरवलेली आवृत्ती आली. आज दोन्ही शेजारी ठेवून अभ्यास करता येतो. आमची मागणी एवढीच आहे: सजवा, पण मूळही द्या.

मूळ फितीत कोण दडलेले असते हेही पाहावे. टेक सुरू होण्याआधीची कुजबूज, चुकलेली सुरुवात, वादकाला दिलेली सूचना. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोव्याच्या वाद्यमेळकारांनी हिंदी चित्रपटसंगीताचा नाद घडवला. तबकड्यांवर मात्र त्यांची नावे शोधून सापडत नाहीत. नवा वाद्यमेळ बसवताना आपण पुसतो ते या मंडळींचे काम. एकदा नाव पुसले गेले, आता नादही पुसायचा काय?

आणि कायदा? १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याचे कलम २७ ध्वनिमुद्रणाला साठ वर्षांचे संरक्षण देते. पण ही साठ वर्षे मोजायची ती प्रकाशनाच्या पुढल्या वर्षापासून. ज्याचे प्रकाशनच झाले नाही, त्याची घटिका सुरूच होत नाही! गाजलेले गाणे कधीतरी सर्वांचे होईल. पेटीतले कधीच होणार नाही. मालक सापडत नसेल तर कलम ३१-क परवान्याची वाट दाखवते, पण कोणता प्राध्यापक वा विद्यार्थी एका फितीसाठी त्या वाटेने जाणार?

फीत मात्र कायद्यासाठी थांबत नाही. चुंबकीय फितीवरचा लेप दमटपणाने चिकट होतो, सुटतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिसापर्यंत चढणाऱ्या आमच्या शहरात, माळ्यावरच्या ट्रंकेत ती किती उन्हाळे टिकेल? 'आलम आरा'त (१९३१) सात गाणी होती. त्यांच्या तबकड्या निघाल्या नाहीत, चित्रपटाची प्रतही उरली नाही. आज त्या गाण्यांविषयी आपण बोलतो ते केवळ आठवणींच्या आधारे. २००३ च्या जानेवारीत पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात नायट्रेट फिती जळाल्या, तेव्हा हळहळ पुष्कळ झाली. हळहळीने फीत परत येत नाही.

म्हणून ज्यांच्या घरी अशा फिती आहेत त्या संगीतकारांना, वादकांना आणि त्यांच्या वारसांना आमचे सांगणे आहे. आधी आहे तशी प्रत करून घ्या. खरखर काढण्याची घाई नको. तारीख, स्टुडिओ, टेकचा क्रमांक, वादकांची नावे, जे आठवते ते लिहून ठेवा. एक प्रत विद्यापीठाच्या वा सार्वजनिक ग्रंथालयाच्या स्वाधीन करा. मग खुशाल नवा साज चढवा. आणि आम्हा शिक्षकांनी या फितींना 'गाण्याबिण्याचा' विषय म्हणून बाजूला सारणे थांबवावे. महानुभावांच्या सांकेतिक लिपीतल्या पोथ्या शतकानुशतके मठांत बंद राहिल्या. पण त्या राहिल्या, कारण कोणीतरी त्या निगुतीने जपल्या, उतरवून ठेवल्या. आपल्या माळ्यावर ना नक्कल करणारा आहे, ना लिपी जाणणारा. किल्ली हातात असूनही पेटी न उघडणाऱ्याला रखवालदार म्हणायची आमची तयारी नाही.