झडपेचे माप आणि श्रमाचे माप

पनवेलच्या आसपास वीटभट्ट्यांवर, दगडखाणींत आणि मालगोदामांत राबणाऱ्या माणसाचे शरीर हेच त्याचे भांडवल असते. लहानपणीच्या संधिज्वराने, म्हणजे मुळात दाटीवाटीच्या घरांनी आणि वेळेवर न मिळालेल्या उपचाराने, अशा कित्येकांच्या हृदयाच्या झडपा निकामी होतात. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत रायगड होता; २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. झडप बदलण्याची शस्त्रक्रिया त्यामुळे गरिबाच्या आवाक्यात आली, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. परंतु झडप बसली म्हणजे प्रश्न सुटला, असे समजणे चूक आहे. ती कोणत्या मापाची बसली, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते.

डॉ. शहाबुद्दीन रहिमतुला यांनी १९७८ साली या प्रश्नाची मांडणी केली. कृत्रिम झडपेचे मुख रुग्णाच्या शरीराच्या मानाने अरुंद असेल, तर जुना रोग काही अंशी शिल्लकच राहतो. महाधमनीच्या झडपेबाबत शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे ०.८५ चौरस सेंटिमीटरपेक्षा अधिक मुख असावे, असा संकेत आहे, ०.६५ किंवा त्याहून कमी असेल तर विसंगती तीव्र मानतात. म्हणजे १.४ चौरस मीटर शरीराच्या स्त्रीला सुमारे १.२ चौरस सेंटिमीटरचे मुख पुरते, तर १.७ च्या पुरुषाला सुमारे १.४५ चे लागते. लहान झडप सर्वांनाच वाईट असे नव्हे; प्रश्न जुळणीचा आहे. तीव्र विसंगती असलेल्यांत जाड झालेला हृदयस्नायू पूर्ववत होण्यास अडथळा येतो, आणि हृदय थकून पुन्हा रुग्णालयात येण्याचे व मृत्यूचे प्रमाण अधिक आढळते. मध्यम विसंगतीच्या परिणामांविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत.

येथे दोन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत. पहिली अशी की, वेष्टनावर छापलेला १९ किंवा २१ मिलिमीटर हा आकडा रक्ताला मिळणाऱ्या वाटेचा नव्हे. एकाच आकड्याच्या, पण निरनिराळ्या कंपन्यांच्या झडपांचे प्रत्यक्ष मुख निरनिराळे असते. वस्तूची किंमत आणि तिची उपयुक्तता यांतील फरक अर्थशास्त्र शिकविते. तोच येथेही आहे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. तपासणी बहुधा रुग्ण निजलेला असताना होते. पण रक्तप्रवाह दुप्पट झाला, की त्याच मुखापाशी दाबातील फरक जवळजवळ चौपट होतो. खुर्चीत बसून काम करणाऱ्याला जी उणीव जाणवणारही नाही, ती विटा वाहणाऱ्याला दुसऱ्याच खेपेला धाप लावते. कागदोपत्री तो बरा झालेला असतो. मुकादमाच्या हजेरीवर मात्र त्याचे नाव उरत नाही.

महाधमनीचे मूळ रुंद करून मोठी झडप बसविता येते. १९७० च्या दशकापासून त्याच्या पद्धती ज्ञात आहेत. त्यात वेळ जातो, धोकाही थोडा वाढतो. म्हणून अंतिम निर्णय शल्यविशारदाचाच असला पाहिजे. परंतु संपूर्ण शस्त्रक्रियेला ठोक दर ठरविला, की अधिक वेळ देणाऱ्या रुग्णालयाला तोटा आणि मिळेल ती झडप बसविणाऱ्याला लाभ होतो. दोष व्यक्तीचा नव्हे, हिशेबाच्या रचनेचा आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. मूळ रुंद करण्याच्या कामाला वेगळा मोबदला मिळावा. सर्व मापांच्या झडपा शस्त्रक्रियेच्या वेळी हाताशी असाव्यात. केवळ स्वस्ततम निविदेवर खरेदी होऊ नये. झडपेचा प्रकार, माप आणि शरीराशी तिची जुळणी डिस्चार्ज कार्डावर नोंदवावी. पुढची इको तपासणी आणि रक्त गोठण्याची चाचणी पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात नियमितपणे, विनामूल्य व्हावी. हे अशक्य नाही. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली विकसित झालेली स्वदेशी झडप १९९० साली प्रथम रुग्णाला बसविली गेली. सार्वजनिक संस्था हे करू शकते, तर सार्वजनिक योजनेला जुळणीचा हिशेब ठेवणे जड जाऊ नये.

शस्त्रक्रिया किती झाल्या, हे शासन सांगतेच. त्यांपैकी किती माणसे आपल्या कामावर परतली, हा आकडा कार्यकर्त्यांनी मागितला पाहिजे.