रविवारच्या वर्गात कोणता इतिहास शिकवावा?



वाळवा तालुक्यातल्या एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात, "ताई, आमच्या विहारात दर रविवारी वंदनेनंतर मुलांचा वर्ग भरतो. अठरा मुले येतात. सर्वांत लहान पहिलीत आहे, सर्वांत मोठी मुलगी दहावीत. आता इतिहास शिकवायचे ठरले आहे. पण पुस्तक कोणते घ्यावे यावर एकमत होत नाही. शिकवणारे आम्ही दोघेच आणि खोली एकच. काय करावे?"

ही अडचण एका विहाराची नाही. आमच्या साताऱ्याच्या वर्गानेही ती भोगली आहे, म्हणून जे चुकलो तेही सांगते.

पहिल्या वर्षी आम्ही शाळेचीच पुस्तके घेतली. शाळेत अनेक वर्षे चौथीला शिवचरित्र, सहावीला प्राचीन भारत, सातवीला मध्ययुग, आठवीला आधुनिक भारत असा क्रम राहिला आहे. आमच्याकडे प्रत्येक इयत्तेची दोन-तीनच मुले. एका गटाला धडा सांगावा तर बाकीचे खिडकीतून बाहेर बघत. शिवाय सोमवारी शाळेत जे मिळते तेच रविवारी पुन्हा का, हा मुलांचा प्रश्न खराच होता.

दुसऱ्या वर्षी एकच पुस्तक घेतले, बाबासाहेबांचे छोटे चरित्र. लहान मुले रमली. पण मोठ्यांनी तेच प्रसंग जयंतीला, महापरिनिर्वाणदिनी आणि गॅदरिंगमध्ये ऐकलेले होते. नववीचा एक मुलगा म्हणाला, "ताई, हे मला पाठ आहे." पाठ असणे आणि कळणे यात अंतर असते, पण ते अंतर आम्ही त्याला दाखवू शकलो नाही. मोठी मुले एकेक करून यायची थांबली.

त्याच वर्षी एक वाईट गोष्ट घडली, आणि तिचा दोष माझ्याकडे येतो. आठवीतल्या एका मुलाने शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत सांगितले की बाबासाहेबांचा जन्म साताऱ्यात झाला. परीक्षकांनी तिथेच चूक सांगितली, मुले हसली. ते वाक्य त्याने माझ्याच तोंडून ऐकले होते. गावच्या अभिमानापोटी मी ते न तपासता बोलून गेले होते. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. साताऱ्यात त्यांचे बालपण गेले, इथेच १८९६ साली माता भीमाबाईंचे निधन झाले, आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी राजवाड्यातल्या सरकारी शाळेत भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झाले. शाळेच्या रजिस्टरात ती नोंद आहे. याच दिवसाला शासनाने २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून मान्यता दिली. खरी गोष्ट एवढी मोठी असताना मी खोटी कशाला सांगितली? तो मुलगा दोन महिने वर्गाला आला नाही. मी त्याच्या घरी जाऊन चूक कबूल केली, तेव्हा आला.

त्यानंतर आमच्या फळ्याच्या वर एक ओळ कायमची लिहिली गेली: "हे कशावरून?" शिकवणाऱ्यालाही हा प्रश्न विचारायचा. कुणी सांगितले, परंपरेने आले म्हणून मानू नका, पारखून घ्या, हे तथागतांनी कालामांना सांगितले. तीच पारख इतिहासाला लावायची.

तिसऱ्या वर्षी आम्ही पुस्तकापासून सुरुवात न करता जागेपासून केली. एका महिन्याला एक जागा, आपल्याच भागातली. गोष्ट सर्वांनी एकत्र बसून ऐकायची, काम मात्र वयाप्रमाणे वेगळे.

एक उदाहरण देते. १९०१च्या सुमारास रामजीबाबा खटाव तालुक्यातल्या गोरेगावी खजिनदार होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने तिथे तलावाचे खोदकाम काढले होते. त्यांना भेटायला घरातली मुले आगगाडीने मसूरला उतरली. घ्यायला कुणी आले नव्हते; कारण पत्र वडिलांच्या हाती पोचलेच नव्हते. मुले महारांची आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले, तेही या अटीवर की गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवान पायी चालणार. रात्री मुलांना प्यायला पाणी मिळाले नाही.

पहिली ते चौथीची मुले ही गोष्ट ऐकतात आणि तिचे चित्र काढतात. पाचवी ते सातवीची मुले नकाशावर सातारा, मसूर आणि खटाव तालुका शोधतात, आणि दुष्काळात तलाव का खणतात हे घरी विचारून येतात. आठवी ते दहावीची मुले बाबासाहेबांचे स्वतःचे लिखाण वाचतात. ही आठवण त्यांनी १९३५-३६च्या सुमारास लिहिली, म्हणजे पस्तिसेक वर्षांनी. शासनाने काढलेल्या 'लेखन आणि भाषणे' मालेच्या बाराव्या खंडात ती आहे. मग मोठ्यांना विचारायचे : एवढ्या वर्षांनी माणसाला काय आठवते? दुप्पट भाडे मिळत असूनही गाडीवान गाडीत का बसला नाही? पैशाने विटाळ का फिटला नाही? "मला पाठ आहे" म्हणणारा तो मुलगा या प्रश्नावर तासभर बोलत होता.

पत्रातल्या भगिनींना वाटेल, हे साताऱ्याचे झाले, आमच्या सांगलीचे काय? सांगली जिल्ह्याचा बराचसा भाग १९४९ पर्यंत साताऱ्यातच होता. मग तो दक्षिण सातारा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. तेव्हा ठेवा दोघांचा एकच आहे.

वर्षावासात, आषाढ पौर्णिमेपासून, कराडजवळच्या आगाशिवच्या लेण्यांनी सुरुवात करा. डोंगरात साठेक बौद्ध लेणी आहेत. दूर मध्य प्रदेशातल्या भरहुतच्या स्तूपावरील लेखांत 'करहाकट' म्हणजे कराडच्या दानकर्त्यांची नोंद आहे. धम्म आपल्याकडे १९५६ साली पहिल्यांदा आला नाही, आपण तेव्हा त्याच्याकडे परतलो, हे मुलांना डोंगर चढतानाच कळते. पुढच्या महिन्यात जोतिरावांच्या घराण्याचे मूळ गाव कटगुण आणि १८३१ साली सावित्रीमाईंचा जन्म झाला ते नायगाव. मग कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली जिथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली ते काले, आणि १९२४ साली साताऱ्यात काढलेले त्यांचे वसतिगृह, जिथे सगळ्या जातींची मुले एकत्र राहिली, जेवली. नोव्हेंबरात राजवाड्यातली शाळा. मग अण्णाभाऊ साठ्यांचे वाटेगाव, ज्यांनी 'फकिरा' बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. मग शंकरराव खरातांची आटपाडी. क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकारही घ्या. त्या लढ्यात आपली माणसे कुठे होती हे मोठ्या मुलांना शोधू द्या. आणि पाचवडला जन्मलेले चांगदेव खैरमोडे विसरू नका. बाबासाहेबांचे चरित्र लिहायला त्यांनी आयुष्य घातले. इतिहास लिहिणारा माणूस आपल्यातला, आपल्या जिल्ह्यातला असू शकतो, हे मुलांना समजलेच पाहिजे.

शेवटची जागा म्हणजे आपले घर. आजी-आजोबांना विचारायचे : येसकरकी, तराळकी कुणी केली? वतन केव्हा गेले? बाबासाहेबांनी महार वतनाविरुद्ध मुंबई कायदेमंडळात १९२८ साली विधेयक मांडले. वतने कायद्याने गेली ती १९५८ साली. या तीस वर्षांत आपल्या घरी काय चालले होते, हे कोणत्याच पुस्तकात नाही. एक सूचना मात्र करते. जुने दुःख सांगायला सगळ्यांनाच जमत नाही. आमच्या वर्गातल्या एका मुलीला तिची आजी म्हणाली, "ते नको विचारू, बाय." मुलीने वहीत तेवढेच लिहिले. चार रविवार गेले आणि आजी स्वतःच विहारात आली, मुलांपुढे बसली आणि बोलली. भाकरी मागायला जाताना ती कोणत्या वाटेने जाई, ते तिने सांगितले. कुणी हलले नाही. लाज आपली नव्हती, ती वागवणाऱ्यांची होती, हे त्या दिवशी मुलांना भाषणाशिवाय कळले.

आता पुस्तकाचे. प्रत्येक मुलाला पुस्तक घेण्याची गरज नाही. विहारासाठी एकेक प्रत वर्गणीतून घ्या. घेण्याआधी चार गोष्टी पाहा. वर्षे आणि ठिकाणे दिली आहेत का? माहिती कुठून घेतली हे सांगितले आहे का? बायका त्यात केवळ कुणाची आई, कुणाची पत्नी एवढ्याच आहेत, की काही करणाऱ्याही आहेत? आणि आपली माणसे त्यात नुसती सोसताना दिसतात, की लढताना, शिकताना, घडवतानाही? चारही कसोट्यांना उतरणारे एकच पुस्तक मिळणार नाही. म्हणून दोन घ्या, आणि ती कुठे जुळत नाहीत हे मोठ्या मुलांना शोधायला लावा.

भगिनी, तुमची अठरा मुले एकाच खोलीत बसतात ही अडचण समजू नका. दहावीची मुलगी पहिलीच्या मुलाला गोष्ट सांगू लागते तेव्हा ती स्वतः नीट शिकते. एखाद्या रविवारी तो लहानगा तिला विचारेल, "ताई, हे कशावरून?" त्या दिवशी तुमचा वर्ग खरा सुरू झाला असे समजा.

भवतु सब्ब मंगलं.