समत्व म्हणजे तडजोड नव्हे

स्वस्थ पुरुषाचे लक्षण सांगताना सुश्रुताचार्यांनी दोष, अग्नी, धातू व मलक्रिया यांच्या समत्वासोबत आत्मा, इंद्रिये व मन यांची प्रसन्नताही आवश्यक मानली. चरकाचार्यांनी सूत्रस्थानात सद्वृत्ताचा सविस्तर उपदेश केला. संतुलन आणि नीती यांची अशीच सांगड प्राचीन चीनमध्येही आढळते. कन्फ्यूशियसच्या (इ. स. पूर्व ५५१–४७९) परंपरेतील ‘चुंग-युंग’ हा ग्रंथ मध्यमत्वाला नीतीचा पाया मानतो. सातव्या शतकातील वैद्य सुन स्स-म्याव यांनी तर धनलोभ न धरता, गरीब-श्रीमंत असा भेद न करता चिकित्सा करणे हेच वैद्याचे कर्तव्य ठरविले.

मात्र हे मध्यमत्व म्हणजे दोन टोकांची सरासरी नव्हे. देश, काल व व्यक्ती पाहून उचित तेच आणि उचित तेवढेच करणे, हा त्याचा आशय आहे. आपला मात्रा-कालविचार याहून निराळा नाही. म्हणूनच सर्वांना खूश ठेवणारा गृहस्थ कन्फ्यूशियसच्या दृष्टीने सज्जन नव्हे, तर सद्गुणाची हानी करणारा ठरतो.

कर्जतसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात संधिवाताचा रुग्ण मजुरी बुडवून येतो. त्याला उद्याच कामावर जायचे असते. ही निकड खरी आहे. परंतु तिचे निमित्त करून चूर्णाच्या पुडीत स्टेरॉइड मिसळणे आणि त्यास ‘दोन्ही शास्त्रांचा समन्वय’ म्हणणे ही आत्मवंचना होय. आराम दुसऱ्या दिवशी दिसतो; वाढलेली रक्तशर्करा आणि ठिसूळ हाडे मागाहून दिसतात. दीर्घकाळ घेतलेली अशी पुडी एकाएकी थांबल्यास मंदावलेली अधिवृक्क ग्रंथी साथ देत नाही व प्रसंगी जिवावर बेतते. आपण काय घेत होतो हेच रुग्णास ठाऊक नसल्याने तो पुढील डॉक्टरांनाही सांगू शकत नाही.

औषधी दुकानदार बंधूंची जबाबदारीही लहान नाही. १९४५ च्या औषध नियमांतील नियम १६१ नुसार आयुर्वेदीय औषधाच्या वेष्टनावर घटकद्रव्यांची खरी यादी बंधनकारक आहे. शेजारच्या दुकानात खपते म्हणून नाव-घटक नसलेली पुडी आपल्या फळीवर ठेवणे समर्थनीय नाही. त्यामुळे काही गिऱ्हाईक तुटेल, हे मान्यच करावे लागेल.

वैद्यबंधूंनी प्रत्येक पुडीसोबत घटकद्रव्ये लिहून द्यावीत. तातडीच्या वेदनाशमनाची गरज असल्यास रुग्णास तसे स्पष्ट सांगून योग्य ठिकाणी पाठवावे. ज्या पुडीतील द्रव्ये रुग्णास सांगता येत नाहीत, ती पुडी त्याच्या हाती देऊ नये.