हात न उगारणारा नायक

नायकाच्या कानाखाली बसते आणि तो मान खाली घालून उभा राहतो. एरवी हा प्रसंग सरळ जातो. पण आधीच्या प्रत्येक चित्रपटात चौघांना एकटा लोळवणाऱ्या नटावर तोच प्रसंग बेतला, की थिएटरात चुळबुळ सुरू होते. कोणी फिसकन हसते, मागच्या रांगेतून कोणी ओरडते, ‘अरे, मार ना त्याला!’ दिग्दर्शकाच्या पोटात गोळा येतो. सोमवारी निर्माता सांगतो की लोकांना हा असा चालत नाही, आणि विषय तिथेच मिटतो. हा निकाल आपल्या धंद्यात फार घाईने दिला जातो, असे आमचे मत आहे.

निमित्त ड्वेन जॉन्सन ऊर्फ ‘रॉक’चे. बेनी सॅफ्डी दिग्दर्शित ‘द स्मॅशिंग मशीन’ २०२५च्या सप्टेंबरात व्हेनिस महोत्सवात दाखवला गेला. प्रेक्षक उभे राहून बराच वेळ टाळ्या वाजवत होते आणि सॅफ्डीला दिग्दर्शनाचा रौप्य सिंह मिळाला. जॉन्सनने साकारलेला मार्क कर हा खराखुरा लढवय्या, वेदनाशामक औषधांच्या आहारी गेलेला. काझू हिरोसारख्या निष्णात रंगभूषाकाराने ‘रॉक’चा जगभर ओळखीचा चेहरा बदलून टाकला. महिन्याभराने चित्रपट अमेरिकेत लागला. सुमारे ५ कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने पहिल्या तीन दिवसांत जेमतेम ६० लाखांच्या आसपास गल्ला जमवला. लगेच निदान झाले : रॉक रडताना कोणाला पाहायचा नाही.

आम्हाला हे निदान पटत नाही. जे आलेच नाहीत, त्यांनी जॉन्सनला रडताना पाहून नाकारले असे कसे म्हणता येईल? खेळ सुटल्यावर प्रेक्षकांकडून घेतलेली श्रेणीही मधलीच होती, संतापाची नव्हती. शिवाय मोठा वर्ग दोन्हीकडून निसटला. मारामारीच्या हौशीने येणाऱ्याला कळले होते की इथे सामन्यांचा जल्लोष नाही. जोडप्यातल्या ताणाची गोष्ट ज्याला आवडली असती, त्याला पोस्टरवर फक्त पिळदार दंड दिसले. प्रेक्षकाची प्रतिक्रिया वाचायची तर ती नेमकी कशावरची आहे, हे आधी वेगळे काढावे लागते : नटावरची, पटकथेवरची, की विकण्याच्या पद्धतीवरची.

या बाबतीत पुन्हा पुन्हा पाहावा असा चित्रपट जेम्स मॅनगोल्डचा ‘कॉप लँड’ (१९९७). रॉकी आणि रॅम्बो या दोन नावांखाली दबलेला सिल्व्हेस्टर स्टॅलन यात न्यू जर्सीतल्या एका लहान गावाचा शेरीफ आहे. गावात न्यूयॉर्कचे पोलीस राहतात, आणि हा बिचारा त्यांच्यात घुसण्याची स्वप्ने पाहत उरलेला. भूमिकेसाठी स्टॅलनने सुमारे १८ किलो वजन वाढवले आणि अगदी किमान मानधन घेतले. समोर रॉबर्ट डी निरो, हार्वी कायटेल, रे लिओटा. बातम्या वजनाच्या झाल्या, पण धंद्यातल्या माणसाने पाहण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे.

या शेरीफला, फ्रेडी हेफ्लिनला, एका कानाने ऐकू येत नाही. तरुणपणी नदीत बुडणाऱ्या गाडीतून एका मुलीला वाचवताना कान गेला, आणि त्यापायी पोलिसांतली भरतीही. म्हणजे ज्या धाडसावर स्टॅलनची कारकीर्द उभी आहे, तेच धाडस या माणसाने एकदा केले आणि त्याची किंमत जन्मभर मोजली. तीच बाई घरी येते, वाजत असलेली जुनी तबकडी ऐकून म्हणते की हे आता स्टिरिओत मिळते. तो सांगतो, मला काय फरक पडणार. एवढेच. सुरुवातीलाच हरणाला चुकवताना गाडी आदळल्यामुळे नाकावर पट्टी आहे, आणि चित्रपटाचा बराच भाग ती तशीच राहते. ज्या चेहऱ्याकडे लोक दरारा म्हणून पाहत आले, त्याच्या मधोमध ही पांढरी पट्टी.

शेवटी गोळीबार होतो. तो टाळलेला नाही, पण त्याआधी फ्रेडीच्या चांगल्या कानाजवळ मुद्दाम गोळी झाडली जाते. त्यानंतरची चकमक आपण त्याच्या कानांनी ऐकतो : दबलेले, कोंडलेले आवाज आणि एक सलग शीळ. बंदूक उडते पण तिचा बार नाही, माणसे ओरडतात पण शब्द पोचत नाहीत. मारधाडीच्या चित्रपटातला सगळा माज आवाजात असतो, आणि ध्वनिसंयोजकाने तोच काढून घेतला. त्या काही मिनिटांत स्टॅलनला वेगळा अभिनय करावा लागलेला नाही, तो फक्त चालतो. ‘हा उठेल, हा मारेल’ ही प्रेक्षकाची वीस वर्षांची सवय दिग्दर्शकाने दीड तास रोखून धरली होती. ती सोडताना पाहणाऱ्याला विजयापेक्षा भीती जास्त वाटावी, अशी सोय त्याने केली.

लोक आले का? आले. चित्रपट अमेरिकेत पहिल्या आठवड्यात पहिल्या क्रमांकावर होता, आणि सुमारे दीड कोटी डॉलरच्या खर्चावर त्याने तिथेच जवळपास साडेचार कोटी मिळवले. स्टॉकहोमच्या महोत्सवात स्टॅलनला अभिनयाचा पुरस्कारही मिळाला. तरीही प्रयोग फसल्याचा बोभाटा झाला आणि त्याचा आपल्या कारकिर्दीला फटका बसला, असे स्टॅलननेच पुढे मुलाखतींत सांगितले आहे. हिशेब चित्रपटाच्या खर्चाशी न लावता ताऱ्याच्या जुन्या आकड्यांशी लावला, की असे होते. निर्मात्यांनी आणि व्यवसायाचे वार्तांकन करणाऱ्या आमच्यासारख्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

आपल्याकडे अजय देवगणचे उदाहरण घ्या. ‘फूल और काँटे’मध्ये (१९९१) दोन मोटारसायकलींवर एकेक पाय ठेवून आलेला हा मुलगा, वडील वीरू देवगण साहसदृश्यांचे नामवंत दिग्दर्शक. महेश भट्ट यांनी ‘ज़ख़्म’मध्ये (१९९८) त्याला दंगलीत जळालेल्या आईचा मुलगा केले. इथे कोणाला चोपून हिशेब मिटत नाही. आईला तिच्या धर्माप्रमाणे मूठमाती मिळवून द्यायची आहे. त्याचे आवळलेले ओठ आणि लाल डोळे आपण आधी मारामारीच्या तोंडावर पाहिलेले असतात. त्याच खुणा इथे दुःखाच्या होतात, म्हणून त्या अंगावर येतात. त्या वर्षीचा अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. नवख्या नटाने हे सगळे तितक्याच ताकदीने केले असते, तरी त्यात हा धोका आला नसता. हा हात उगारू शकतो, हे ठाऊक असते म्हणूनच तो न उगारणे आपल्याला दिसते.

उलट बाजू अमिताभ बच्चन यांच्या ‘आलाप’ची (१९७७). त्याच वर्षी ‘अमर अकबर अँथनी’ने गर्दी खेचली आणि ‘आलाप’ पडला. हृषीकेश मुखर्जी आणि अमिताभ ही जोडी लोकांना परकी नव्हती. ‘अभिमान’ १९७३चा, म्हणजे ‘जंजीर’च्याच वर्षाचा, साचा घट्ट होण्याआधीचा. ‘मिली’त (१९७५) राग आहे, फक्त त्या रागाला समोर शत्रू नाही. तो आत वळतो, दारूत जातो, शेजाऱ्यांवर निघतो. ‘आलाप’मधला गायक मात्र बापाचा जाच सोसत टांगा हाकतो आणि खंगत जातो. दरम्यान लोकांनी ‘दीवार’ पाहिलेला होता. ती आठवण जणू नाहीच, अशा थाटात चित्रपट चालतो. अपयशाची कारणे आणखीही असतील, पण पटकथेच्या बाजूने आम्हाला हे मोठे वाटते.

मराठी पडद्यावर मारधाडीचा नायक फारसा रुजला नाही. आपला साचा विनोदाचा. जब्बार पटेल दिग्दर्शित, पु. ल. देशपांडे लिखित ‘एक होता विदूषक’मध्ये (१९९२) लक्ष्मीकांत बेर्डे यांनी जे केले, ते आजही अभिनयाच्या विद्यार्थ्यांना दाखवावे असे आहे. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण गर्दी झाली नाही. तमाशातून सिनेमात आलेल्या, हसवता हसवता रिकाम्या होत गेलेल्या माणसाची ही गोष्ट. लक्ष्याला पाहून हसण्याची महाराष्ट्राची सवय हाच तिचा कच्चा माल होता. म्हणजे पटकथेने आपले काम चोख केले होते. ‘लक्ष्याचा पिक्चर’ म्हणून येणाऱ्याला दारातच वेगळ्या गोष्टीसाठी तयार करायचे काम उरले, आणि ते आजही आपल्याकडे कोणाचेच नसते. दिग्दर्शक ते प्रसिद्धीवाल्यांवर ढकलतो, आणि प्रसिद्धीवाले चित्रपटातली एकुलती एक झटापट उचलून ट्रेलरच्या सुरुवातीला लावतात.

याहून वाईट सवय म्हणजे चाचणी खेळ संपल्यावर निघणारे फर्मान : ‘शेवटी एक फाइट टाका.’ कोणी हसले, कोणी ओरडले, की संकलकाच्या खोलीत पहिला बळी त्या स्तब्ध शॉटचा जातो. पण हसू नेमके कुठे आले? थप्पड बसताच आले, की चार सेकंदांनी, नायक नजर उचलतो तेव्हा? पहिले हसू बहुधा अवघडलेपणाचे असते, ते विरते. ते पुढच्या प्रसंगापर्यंत टिकले, तर दोष आधीच्या पानांत शोधावा. हा माणूस गप्प का राहतो, हे तिथे पेरलेले नसते. ‘मार ना!’ म्हणणारा प्रेक्षक तर गोष्टीत पुरता गुंतलेला असतो, त्याला नाराज समजू नये.

पुढच्या अंकात आम्ही या विषयाला जास्त पाने देत आहोत. ज्या संकलकांनी, ध्वनिसंयोजकांनी, पटकथाकारांनी अशा भूमिकांवर काम केले आहे, त्यांनी लिहावे : कोणता शॉट कापायला सांगितला गेला, कोणत्या खेळानंतर, थिएटर एकपडदा होते की मल्टिप्लेक्स, आणि कापल्यानंतर त्या जागी काय घडले. ताऱ्याचे नाव नसले तरी चालेल. शॉटची लांबी मात्र द्या.