देवाची आरास आणि घरची अडगळ

भाद्रपद शुद्ध चतुर्थी जवळ आली की घरोघरी पहिला प्रश्न निघतो तो मखराचा. दूर्वा, पत्री, मोदकांचे साहित्य यांची यादी घरातील वडीलधाऱ्यांना मुखोद्गत असते. परंतु 'यंदा आरास कशाची?' हा प्रश्न मात्र दरवर्षी नवा असतो आणि त्याचे उत्तर अलीकडे बहुधा बाजारातून विकत आणले जाते. वस्तुतः पूजेचे जे सोळा उपचार सांगितले आहेत, त्यांत मखराचा समावेश नाही. मखर ही शास्त्राची आज्ञा नव्हे. ती भक्ताच्या हौसेने घातलेली भर आहे. जेथे आज्ञा नाही, केवळ प्रेम आहे, तेथे स्वतःचा हात लागला नाही तर त्या प्रेमाची खूण ती कोणती?

कित्येक वर्षे या हौसेने थर्माकोलची वाट धरली होती. विसर्जनानंतर आमच्या नदीच्या घाटावर पांढऱ्या मण्यांचा सडा पडलेला आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे. पदार्थ हलका, म्हणून बुडत नाही. कुजत नाही, म्हणून संपत नाही. दहा दिवस देवाच्या मस्तकावर मिरवलेली कमान पुढे गुरांच्या पायदळी जाते, हे पाहून मन विषण्ण होई. महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबरोबर सजावटीच्या थर्माकोलवरही बंदी घातली, ते योग्यच झाले. पण बंदीने हात थांबतो, त्याला नवे काम मिळत नाही. ते काम आपल्या घरच्या माळ्यावरच पडून आहे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

मागे श्रावणातील एका कीर्तनात हाच विषय निघाला, तेव्हा समोर बसलेल्या एका वृद्ध माउलीने विचारले, "बुवा, नेसून जुने झालेले लुगडे देवापाशी लावायचे? वापरलेले ते उष्टेच की!" शंका श्रद्धेतून आलेली होती, म्हणून तिचे उत्तर शास्त्रातूनच दिले पाहिजे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात द्रव्यशुद्धीचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. लाकूड तासल्याने शुद्ध होते, मातीचे भांडे पुन्हा भाजल्याने, तांबे क्षार, आम्ल व पाणी यांनी, तर रेशमी वस्त्र खारी माती, पाणी व गोमूत्र यांनी शुद्ध होते, असा त्यातील विचार आहे. म्हणजे वापरलेली वस्तू कायमची बाद झाली, असे शास्त्र म्हणत नाही. तिला शुद्ध करून पुन्हा कार्यास लावण्याचा मार्गच ते दाखविते.

याहून मोठा दाखला स्वतः मंगलमूर्तीचा आहे. शिवपुराणाच्या कुमारखंडात पार्वतीने आपल्या अंगच्या मळापासून गणेशाची मूर्ती घडविली, अशी कथा आहे. ज्या देवाचा देहच, जग जे टाकून देते त्यातून, मातेच्या हाताने आकाराला आला, त्याला आपल्या धुतलेल्या लुगड्याचा विटाळ कसा व्हावा?

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. श्रावण अमावास्येपासून चतुर्थीपर्यंतचे दिवस या कामास पुरतात. एखाद्या मोठ्या यंत्राचे जाड पुठ्ठ्याचे खोके घ्यावे. त्याची एक मोठी बाजू काढून टाकली की पाठ व दोन भिंती आपोआप मिळतात. वरच्या कडेला कमानीचा आकार कापावा. कणकेची किंवा मैद्याची पातळ खळ शिजवून जुन्या वर्तमानपत्राचे दोन थर त्यावर चिकटवावे आणि एक दिवस सावलीत वाळू द्यावे. उन्हात पुठ्ठा वाकतो.

रंगासाठी गेरूसारखा दुसरा सोबती नाही. तो लोहयुक्त माती आहे; सहसा उडत नाही, स्वस्त आहे आणि अंगणाला व तुळशीवृंदावनाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. डिंक रात्री पाण्यात भिजत घालून सकाळी गाळावा व त्यात गेरू कालवून दोन हात द्यावेत. वाळल्यावर बोट फिरवून पाहावे. बोटाला रंग लागला तर डिंक कमी पडला असे समजावे. मग तांदळाच्या पिठाच्या दाटसर पाण्यात थोडा डिंक घालून, काडीला कापूस गुंडाळून, मुलांकडून स्वस्तिक, कमळ, गोपद्मे काढून घ्यावीत. रेघ थोडी वाकडी गेली तर ती पुसू नये. देवाला ती रेघ कोणाची, हे ठाऊक असते.

विरलेल्या लुगड्याचे काठ बहुधा शाबूत असतात. ते उसवून, धुऊन कमानीला झालरीसारखे शिवावेत. पदराची पाठीमागे महिरप होते. लग्नपत्रिकांचे काय करावे, हा प्रश्न प्रत्येक घरी असतो, कारण त्यांवर गणेशाचे चित्र असते. ते चित्र अखंड ठेवून कापावे, त्याच्यावरून कात्री फिरवू नये. उरलेल्या जाड कागदाची आंब्याच्या पानांसारखी पाने कापून दोऱ्यात ओवावीत. हे तोरण मखराला बांधावे. दाराला मात्र खरी आंब्याची पानेच हवीत.

दोन गोष्टींची सावधगिरी अवश्य बाळगावी. कागद व वस्त्र पेट घेतात, म्हणून समई व निरांजन मखराच्या आत ठेवू नये, निदान एक हात अंतर असावे, आणि कापूरारती मखरापासून दूर उभे राहून करावी. कृत्रिम धाग्याचे लुगडे वितळून अंगाला चिकटते. सुती किंवा रेशमीच घ्यावे. तसेच मूर्तीचा भार पुठ्ठ्यावर देऊ नये. ती चौरंगावर किंवा पाटावरच असावी.

मखर बांधून पोट भरणाऱ्या कारागिरांविषयी आमच्या मनात आदरच आहे. कागदाचे वा कापडाचे मखर त्यांच्याकडून घेणे यात काही गैर नाही. परंतु शेजाऱ्याहून मोठी आरास दिसावी म्हणून जो गृहस्थ ऋण काढतो, त्याने क्षणभर विचार करावा. विघ्नहर्त्याच्या निमित्ताने घरात विघ्न आणणे ही कसली भक्ती?

शेवटी एक सांगणे. विसर्जनाच्या दिवशी मखर पाण्यात सोडू नये. ते निर्माल्य नव्हे. झालर उसवून घडी करावी, कमान माळ्यावर ठेवावी आणि पुढल्या वर्षी पुन्हा गेरूचा हात द्यावा. आजीच्या लुगड्याच्या काठाखाली नातवाने काढलेले वाकडे कमळ पाच वर्षांनी पुन्हा देवासमोर येईल, तेव्हा त्या घराला आपल्या आराशीची किंमत कोणी सांगावी लागणार नाही. मंगलमूर्ती सर्वांच्या हातांना अशीच सद्‌बुद्धी देवो.