क्युसेक म्हणजे किती बादल्या?

मुलांनो, पावसाळ्यात बातम्यांत सांगतात, "कोयना धरणातून इतके हजार क्युसेक पाणी सोडलं." नदीकाठच्या घरांतली मोठी माणसं लगेच कान टवकारतात. आपण मात्र आकडा ऐकतो नि सोडून देतो. आज तो पकडूच या.

एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी पेटी घ्या. ती भरायला २८ लिटरांहून थोडं जास्त पाणी लागतं. म्हणजे दोन लहान बादल्या. एवढं पाणी दर सेकंदाला वाहिलं की झाला एक क्युसेक. कोयनेच्या धरणाच्या पायथ्याशी एक वीजगृह आहे. ते पूर्ण चाललं की नदीत २१०० क्युसेक पाणी येतं. सेकंदाला जवळजवळ साठ हजार लिटर! तुम्ही 'एक' म्हणेपर्यंत दहा हजार लिटरचे सहा टँकर रिकामे. आणि हे धरणाचे दरवाजे बंद असताना बरं का!

एवढं पाणी येतं कुठून? कोयना महाबळेश्वरला उगम पावते. तिथे वर्षाला साधारण ६००० मिलिमीटर पाऊस पडतो. पाचगणी तिथून जेमतेम वीस किलोमीटर, पण तिथे याच्या निम्माही पडत नाही. पाऊस सगळा सह्याद्रीच्या माथ्यावर! इतर नद्या हा माथा सोडून पूर्वेला पळतात. कोयना मात्र डोंगराला खेटून सुमारे ६५ किलोमीटर दक्षिणेला जाते नि मग हेळवाकपाशी वळून कऱ्हाडला कृष्णेला भेटते. म्हणजे निम्मी वाट ती भर पावसातूनच चालते. त्यात उतार उभा, खाली काळा कातळ. पाणी मुरायला वेळच नाही. तासा-दोन तासांत ओहोळ फुगतात.

आता धरणाचं गणित. कोयनेत सुमारे १०५ टीएमसी पाणी मावतं. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. जोराच्या पावसात धरणात लाखभर क्युसेक पाणी येऊ लागलं, तर एका दिवसात आठ टीएमसीहून जास्त साठतं. धरणात आठच टीएमसी जागा उरली असेल, तर? उद्या याच वेळी ते काठोकाठ! म्हणून धरण भरायच्या आधीच थोडं थोडं पाणी सोडावं लागतं. उशीर झाला तर एकदम सोडावं लागतं, आणि ते खालच्या गावांना फार महागात पडतं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे. अर्थात ते सगळं धरणाचं पाणी नव्हतं, धरणाखाली पडलेला पाऊसही त्यात होता.

तुमच्या ओढ्याचे क्युसेक तुम्हीही मोजू शकता. पूर ओसरल्यावर, पाणी गुडघ्याखाली असताना आणि मोठं माणूस सोबत घेऊनच! काठावर दहा मीटर अंतर आखा. पान सोडा, सेकंद मोजा. समजा वीस सेकंद लागले, तर वेग सेकंदाला अर्धा मीटर. ओढा दोन मीटर रुंद नि पाव मीटर खोल असेल, तर २ × ०.२५ × ०.५ म्हणजे पाव घनमीटर, २५० लिटर. तळाशी पाणी हळू चालतं, म्हणून त्यातला पाचवा भाग वजा करा. उरले २०० लिटर, म्हणजे सातेक क्युसेक.

दिवाळीनंतर नि होळीला त्याच जागी पुन्हा मोजा. तिन्ही आकडे वहीत तारखेसकट लिहा आणि आम्हाला कळवा.